७४९ च्या पुढचा आकडा

एकाच अल्बमच्या चार देशांतल्या रेकॉर्ड्स एकापाठोपाठ ऐकायच्या, एवढंच ठरवलं होतं. प्रत्यक्ष ऐकायला दोन रविवार पुरले. त्याआधीचे नऊ आठवडे मात्र एकाच प्रश्नाच्या उत्तरात गेले: ‘तुमच्या रेकॉर्डवर आतल्या कडेला काय कोरलंय, ते बघून सांगाल का?’ तो राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

अल्बम निवडला बीटल्सचा ‘ॲबी रोड’. २६ सप्टेंबर १९६९ ला ब्रिटनमध्ये आला आणि देशोदेशी छापला गेला, त्यामुळे कॉप्या मिळतात. शिवाय गाणी सगळीकडे तीच, क्रमही तोच. बीटल्सच्या बाबतीत हे गृहीत धरायची सोय नाही. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’पूर्वीचे त्यांचे अमेरिकन अल्बम तिथल्या कॅपिटॉल कंपनीने गाणी काढून-घालून वेगळेच बनवले होते, काही गाण्यांवर तर वरून रिव्हर्बही (घुमाराही) चढवला होता. असली जोडी लावून बसलात तर तुलना प्रेसिंगची, म्हणजे छपाईची, होतच नाही.

अमेरिकन, जपानी आणि भारतीय कॉपी सरळ आल्या. घोडं अडलं ब्रिटिश कॉपीपाशी.

मला नुसती ‘ब्रिटिश’ कॉपी नको होती, ठरावीक आकड्याची हवी होती. ते का, हे समजायला रेकॉर्ड कशी बनते ते थोडं सांगावं लागेल. आधी लॅकरच्या तबकडीवर खाच कापतात. तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात. ते निकेल सोलून काढलं की उलटी प्रत मिळते, तिच्यावरून सुलटी ‘मदर’, मदरवरून पुन्हा उलटा स्टॅम्पर, आणि स्टॅम्परखाली गरम विनाइल दाबलं की आपली रेकॉर्ड. लॅकर नव्याने कापला तर इंजिनिअर वेगळा, त्याचे कान वेगळे, कधी कधी टेपही वेगळी, त्यामुळे आवाज बदलतो. तोच लॅकर असेल तर मूळ आवाज तोच राहतो, फरक पडतो तो धातूच्या झिजेचा, विनाइलचा आणि छापणाऱ्याच्या हाताचा.

रेकॉर्ड कुठल्या लॅकरची, म्हणजे कुठला कट, हे लेबल सांगत नाही. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्या रनआउटमध्ये ते लिहिलेलं असतं. ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्या रेकॉर्डवर लेबल सरळ धरलं तर घड्याळात सहा वाजतात त्या जागी मॅट्रिक्स नंबर (रेघेपुढचा आकडा म्हणजे त्या बाजूचा कितवा कट), नऊच्या जागी मदरचा आकडा आणि तीनच्या जागी स्टॅम्परची अक्षरं. अक्षरांची भाषा मजेशीर आहे: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. ईएमआयच्या ग्रामोफोन कंपनी लिमिटेड या नावातूनच उचललेली अक्षरं. ‘जीएटी’ दिसलं की १३९ वा स्टॅम्पर.

माझ्या भारतीय कॉपीवर पहिल्या बाजूला वायईएक्स ७४९-२ होतं आणि दुसऱ्या बाजूला वायईएक्स ७५०-१. म्हणजे कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेली असली तरी पोटात ब्रिटिश कटच. तेच आकडे असलेली ब्रिटिश कॉपी शेजारी ठेवली की मधे उरतं ते फक्त विनाइल आणि प्रेस. इतकी स्वच्छ तुलना पुन्हा जमणार नाही, म्हणून हट्ट.

एका विक्रेत्याकडे कॉपी दिसली. वर्णन: ‘ब्रिटिश, पहिलं प्रेसिंग.’ कव्हरच्या मागे बीटल्सच्या ॲपल या रेकॉर्ड कंपनीचं चिन्ह ओळीतून सरकलेलं, जी सुरुवातीच्या कव्हरांची खूण मानतात. मी विचारलं, दोन्ही बाजूंचा रनआउटमधला मजकूर कळवाल का? चार दिवसांनी उत्तर आलं: ‘पीसीएस ७०८८.’ हा कॅटलॉग नंबर. तो लेबलवर असतो, कव्हरवर असतो आणि वर्षानुवर्षं निघालेल्या सगळ्या ब्रिटिश कॉप्यांवर तोच असतो. मी पुन्हा लिहिलं, लेबलवरचा नको, विनाइलवर कोरलेला हवाय. आठवड्याने फोटो आला. लेबलचा. तिसऱ्यांदा मी कागदावर वर्तुळ काढून, बाण दाखवून पाठवलं. त्यावर जो फोटो आला त्यात फ्लॅशचा एक पांढराशुभ्र गोळा होता आणि गोळ्याभोवती काळोख.

(तुम्हाला फोटो काढायची वेळ आली तर फ्लॅश बंद. टॉर्च रेकॉर्डच्या जवळजवळ पातळीत, बाजूने धरायची आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवायची. एका क्षणी अक्षरं उठून दिसतात, तिथे थांबायचं. समोरून कितीही उजेड टाका, काही दिसत नाही.)

शेवटी एके दिवशी नुसता मजकूर आला: ‘वायईएक्स ७४९-२, वायईएक्स ७५०-१.’ मी इतका खूश झालो की त्यातली खोच दिसली नाही. ज्या माणसाला तीन आठवडे कॅटलॉग नंबर आणि मॅट्रिक्स नंबर यांतला फरक कळला नव्हता, तो एका रात्रीत बिनचूक मॅट्रिक्स कसा लिहायला लागला? उघड आहे, रेकॉर्ड न बघता कुठल्या तरी यादीतून उतरवून. शंका घ्यायला हवी होती. नऊ आणि तीनच्या जागी काय आहे तेही विचारायला हवं होतं, कारण ते प्रत्येक कॉपीवर वेगळं असू शकतं आणि यादीतून उतरवणारा तिथे अडकतो. मी पैसे भरून मोकळा झालो.

पार्सल आलं. कव्हर फोटोतलंच. रेकॉर्ड काढली, टॉर्च धरली. ७४९ दिसला, मधली छोटी रेघ दिसली आणि पुढे भलताच आकडा. नंतरचा कट. जुन्या कव्हरात कुणीतरी नंतरची रेकॉर्ड सरकवली होती. खिडकीपाशी नेली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. आकडा काही बदलला नाही.

आता खरी कथा. विक्रेता म्हणाला, ‘वाजते ना? मग?’ म्हणून विक्रीच्या संकेतस्थळाकडे तक्रार केली. त्यांच्या फॉर्ममध्ये तीन पर्याय: वस्तू आलीच नाही, तुटलेली आली, वर्णनापेक्षा वेगळी आली. तिसरा निवडला. लगेच यंत्राचं उत्तर: ‘कृपया तुटलेल्या भागाचा फोटो जोडावा.’ तुटलेला भागच नव्हता. मी रनआउटचा फोटो जोडला. आठ दिवसांनी कुणी तरी माणसाने लिहिलं: ‘लिस्टिंगमध्ये पीसीएस ७०८८ आहे. तुम्हाला मिळालेल्या वस्तूवरही पीसीएस ७०८८ आहे. वस्तू वर्णनाप्रमाणे आहे. तक्रार बंद करत आहोत.’

मी तक्रार पुन्हा उघडली. लॅकर, निकेल, मदर, स्टॅम्पर, सगळी वंशावळ लिहिली. उत्तर शब्दशः तेच. तिसऱ्यांदा विक्रेत्याने कळवलेले आकडे दाखवले, तर म्हणे खाजगी संदेशातला मजकूर वर्णनात धरला जात नाही, लिस्टिंगमध्ये असेल तेवढंच वर्णन. हा नियम मला माहीतच नव्हता. तेव्हा पैसे भरण्याआधी विक्रेत्याला सांगा, आकडे लिस्टिंगमध्ये टाक, मग घेतो. काचकूच करायला लागला तर तिथेच ओळखा.

या टप्प्यावर घरात माझ्यासमोर कुणी रेकॉर्ड हा शब्द काढत नव्हतं.

चौथं पत्र मी चिडून नाही, थकून लिहिलं. त्यात लॅकर नाही, स्टॅम्पर नाही. लिहिलं: ‘समजा मी एका पुस्तकाची पहिली आवृत्ती मागवली. कव्हर पहिल्या आवृत्तीचं आलं, आतली पानं सातव्या आवृत्तीची. पुस्तकाचं नाव दोन्हीकडे तेच आहे. तुम्ही मला नाव जुळतंय म्हणून सांगताय. लिस्टिंगमध्ये पहिलं प्रेसिंग असं लिहिलेलं आहे.’ दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे परत. एका वाक्याचा निरोप, दिलगिरी वगैरे. एवढे दिवस मी त्यांना रसायनशास्त्र शिकवत होतो आणि काम झालं ‘आवृत्ती’ या एका शब्दाने. परतीचा टपालखर्च विक्रेत्याला नको होता, म्हणून ती रेकॉर्ड माझ्याकडेच राहिली.

पुढच्या विक्रेत्याला पहिल्याच संदेशात ‘नऊ आणि तीनच्या जागी काय आहे?’ असं विचारलं. तासाभरात स्वच्छ फोटो. काही माणसं देवाने घडवलेली असतात.

ऐकण्याबद्दल थोडं. आधी सगळ्या रेकॉर्ड्स धुवा. न धुतलेली कॉपी ऐकून ‘अमुक देशाचं विनाइल खराब’ म्हणणं म्हणजे चष्मा न पुसता धुकं आहे म्हणण्यासारखं. दुसरं, आवाजाची पातळी सारखी करा. एक कट दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो आणि कान मोठ्यालाच चांगला म्हणतो. मी फोनवरच्या आवाजमापकाने ‘कम टुगेदर’चा पहिला अर्धा मिनिट मोजला आणि प्रत्येक कॉपीसाठी नॉबची जागा पेन्सिलने खूण करून ठेवली. जाड आणि पातळ रेकॉर्डमध्ये टोनआर्मची (पिन धरणाऱ्या दांड्याची) उंचीही थोडी बदलावी लागते, हे दुसऱ्या रविवारी आठवलं, म्हणजे पहिल्या रविवारचं निम्मं वाया.

रेकॉर्ड लावायचं काम लेकीकडे आणि माझी पाठ टर्नटेबलकडे. ‘बाबा, वळायचं नाही,’ असा दम देऊन ती क्रम बदलत होती. पहिल्या बाजूचा शेवट ‘आय वाँट यू’चा. त्यात वाऱ्यासारखा सुसाट आवाज वाढत जातो आणि गाणं अचानक कापल्यासारखं तुटतं. तिथे खाच आतल्या कडेला आलेली असते, म्हणून फाटलेपणा असेल तर इथेच कळतो. विनाइलची खरखर मात्र तिथे शोधू नका, त्या वाऱ्यात सगळं बुडतं. खरखरीची जागा दुसऱ्या बाजूला: ‘द एंड’ संपल्यावर ‘हर मॅजेस्टी’ सुरू होईपर्यंत सुमारे १४ सेकंद शांतता आहे. तेवढ्यात विनाइल आपली कुंडली सांगतं.

जपानी कॉपीत त्या १४ सेकंदांत पिन उचलली की काय असं वाटावं इतकी शांतता. पण झांजा जरा पुढे येऊन बसतात, माझ्या कानाला टोचतात. अमेरिकन कॉपीचा कट वेगळा आणि बेस आटोपशीर. वाईट नाही, पण माझी नाही. ब्रिटिश आणि भारतीय या जोडीत मात्र मी फसलो. गाणं चालू असताना पाचापैकी दोनदाच बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. ती १४ सेकंदं आली की भारतीय कॉपी लगेच उघडी पडते, चुलीतल्या ओल्या लाकडासारखी तडतडते. सूर तेच, जागा तीच, फक्त वर तडतड.

मूळ देशाचं प्रेसिंगच सर्वात चांगलं, असंही धरून चालू नका. लेड झेपलिन इंग्लंडचे, पण त्यांच्या दुसऱ्या अल्बमची लोक शोधतात ती कॉपी अमेरिकन, रनआउटमध्ये ‘आरएल’ कोरलेली, रॉबर्ट लुडविगने कापलेली. तो कट इतका दणकट होता की स्वस्त प्लेअरवर पिन उडायची, म्हणून कंपनीने तो मागे घेऊन मवाळ कट काढला. तिथेही लेबल बघून काही कळत नाही.

ती चुकीची ‘ॲबी रोड’ अजून वापरात आहे. नवी कार्ट्रिज (पिन असते तो भाग) बसवली, वजन लावलं, काही बिघडलंय का बघायचं असलं की पिन पहिल्यांदा तिच्यावर उतरते. रनआउटला कागदाची चिठ्ठी लावून लेकीने तिच्यावर लिहिलंय, ‘सातवी आवृत्ती’.