पसारा लपवायची गरज नव्हती

बाळ तीन आठवड्यांचं होतं तेव्हा नर्सताई पहिल्यांदा घरी आल्या आणि मी आधी पसारा लपवायला धावले, म्हटलं आता तपासणी होणार. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. खाली बसल्या, म्हणाल्या पाजताना कसं धरता दाखवा, आणि माझ्या कोपराखाली एक उशी सरकवली. बस, एवढंच. दोन दिवसांत मानेचं दुखणं गेलं. दवाखान्यातल्या पाच मिनिटांत हे कोण बघणार?

म्हणून लहान बाळांच्या घरी नर्स पाठवण्याच्या अशा योजनांना "फालतू खर्च" म्हणणाऱ्यांचा मला जाम राग येतो. जमैकात १९८६-८७ पासून वाढ खुंटलेल्या लहान मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायच्या, सलग दोन वर्षं, घरगुती खेळणी घेऊन, आणि आईला मुलाशी कसं खेळायचं बोलायचं ते दाखवायच्या. वीस वर्षांनी ही मुलं, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा साधारण २५ टक्के जास्त कमावत होती!

फक्त दर वेळी नवीन माणूस पाठवू नका हो. आमची नर्स तिसऱ्या महिन्यात बदलली आणि मला सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागलं, अगदी रडण्यासकट.