एईडी, म्हणजे हृदय अचानक बंद पडलं तर शॉक देणारं यंत्र, वापरण्याचं सर्टिफिकेट मिळालं!

खरं सांगते, सकाळपर्यंत त्या डब्याची भीतीच वाटत होती. चुकून भलत्यालाच शॉक बसला तर? पण ते यंत्र आधी हृदयाची लय तपासतं, गरज नसेल तर शॉक देतच नाही. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या बगलेच्या खाली. पुढचं ते स्वतःच बोलून सांगतं.

दम काढला तो सीपीआरने, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबत राहण्याने. मिनिटाला 100 ते 120 वेळा, छाती किमान 5 सेंटिमीटर खाली! दोन मिनिटांत घामाघूम.

माझा सरावाचा पुतळा दोनदा 'गेला'. शॉक दिल्यावर मी आशेने त्याच्या तोंडाकडे बघत बसले (तो प्लास्टिकचा आहे, हे विसरून). शॉकनंतर लगेच पुन्हा दाबायला लागायचं असतं. तिसऱ्यांदा जमलं. मनगटं अजून ठणकतायत.