पत्ता छापला, हॉल बुकच नाही

सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये त्या पिटुकल्या खुणा असतात ना, टिपेसाठी दिवा, धोक्यासाठी पिवळा त्रिकोण वगैरे, त्या जागेवर असतात तोवर त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. गायब झाल्या की मात्र पान समोरचा दात पडल्यासारखं दिसतं.

मी डॉकबुकमध्ये, म्हणजे मजकुराला खुणेचे टॅग लावून लिहायच्या एका पद्धतीत, मॅन्युअलं लिहितो. मजकूर एक्सएमएल नावाच्या टॅगवाल्या फाइलमध्ये, त्यावर स्टाइलशीट (रूपांतराच्या नियमांची फाइल) चालवली की एचटीएमएलची, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी, पानं पटापट पडतात. आयकॉन हवे असतील तर अॅडमॉन ग्राफिक्स नावाच्या पॅरामीटरचं, म्हणजे सेटिंगचं, शून्याचं एक करायचं, बस्स. मला वाटलं झालं काम. कसलं काय! स्टाइलशीट पानात फक्त 'इमेजेस फोल्डरमधलं वॉर्निंगचं पीएनजी दाखव' एवढं लिहून मोकळी होते, ते चित्र उचलून तिथे नेऊन ठेवणं तिच्या कामात बसतच नाही. म्हणजे पत्रिकेवर हॉलचा पत्ता झोकात छापायचा आणि हॉल बुक करायचाच राहिला, असलं लग्न.

त्यात मी जास्तीचं डोकं लावलं. फोल्डर कॉपी करायचा कंटाळा, म्हणून पाथच, म्हणजे चित्रांचा पत्ताच, माझ्या सी ड्राइव्हचा दिला. माझ्या मशीनवर सगळं लखलखीत! क्लायंटकडे कुठून येणार माझा सी ड्राइव्ह? मग पाथ सुधारला, फोल्डर बिल्डमध्येच, म्हणजे पानं तयार होतानाच, कॉपी करून टाकला, तर नवीनच भानगड, कोणीतरी फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलेलं, विंडोजला त्याचं सोयरसुतक नाही पण लिनक्सचा सर्व्हर सोवळ्यातल्या आजीसारखा, एवढंसं इकडचं तिकडे चालत नाही.

पुढे एका प्रोजेक्टला डॉकबुकऐवजी अॅस्किडॉक्टर हे तसलंच दुसरं साधन आलं. तिथे चित्रं पानातच कोंबायची सोय आहे, बेस64 करून, म्हणजे चित्राची अक्षरं बनवून. हरवायची भीती नाही, पण तीन बाइटची चार अक्षरं होतात, आणि शंभर टिपा असतील तर तोच दिवा शंभरदा कोंबला जातो! म्हणून फॉन्टवाले, म्हणजे अक्षरांसारखे उमटणारे, आयकॉन घेतले, सुटसुटीत, चित्रांची कटकटच नाही. फक्त तो फॉन्ट इंटरनेटवरून येतो, आणि ज्यांच्यासाठी मॅन्युअल होतं त्यांच्या शॉप फ्लोअरवर नेट बंद. परत बोळकं. फॉन्ट सोबत बांधून देता येतो हे मला नंतर कळलं, नेहमीसारखंच.

डॉकबुकचं एक मात्र मानायला हवं, चित्र सापडलं नाही तरी त्या जागी चौकोनी कंसात 'वॉर्निंग' एवढा शब्द तरी येतो. अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. मी ते सगळं दुरुस्त करून पिवळे त्रिकोण झळकवले, तर दोन दिवसांनी क्लायंटच्या ताईंचा फोन, "अहो, ते कंसातलं का काढलंत? छान होतं की, साधंसुधं."