आमची वाटचाल : महालक्ष्मी एक्स्प्रेस ते भाऊसिंगजी रोड

कोल्हापूरच्या शाहूपुरीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, मी, दोन ज्युनिअर आणि टायपिंगपासून चहापर्यंत सगळं बघणारे मामा. एवढंच आमचं ऑफिस.

मानवी हक्कांची वकील म्हटलं की लोकांना टीव्हीवरची चर्चा आठवते. त्या कामावर भाडं निघत नाही हो. आमचं भाडं काढलं ते जात पडताळणीच्या आणि ग्रामपंचायत अपात्रतेच्या रिटनी, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात केलेल्या अर्जांनी. सासऱ्यानं सरकारी जागेत पत्र्याचं शेड मारलेलं असतं, पद जातं सुनेचं. जिल्हाधिकारी झाले, विभागीय आयुक्त झाले, की मग राज्यघटनेचं कलम 226, 227 घेऊन आमच्याकडे.

पहिलं मोठं मॅटर तडीपारीचं. एक मावशी तांदळाच्या पिशवीत प्रांतांचा आदेश घेऊन आल्या. पोरगा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खाली दोन वर्षांसाठी हद्दपार. कोल्हापूरच नव्हे, सांगली-सातारासुद्धा. गुन्हे एकाच पोलीस ठाण्यातले, मग तीन जिल्हे कशासाठी? आदेशात त्यावर एक ओळ नव्हती. अपील फेटाळलेलं. पोरगा निपाणीत पाहुण्यांकडे राहायचा.

मी रिट तयार केली आणि रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली, तेव्हा उच्च न्यायालय आम्हाला तिथंच होतं. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं मात्र अर्धीच जोडली होती. चूक माझीच. ऑफिस ऑब्जेक्शन, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयाची हरकत, निघालं, ते काढेपर्यंत पंधरा दिवस गेले आणि तेवढ्यात त्याच्या बहिणीचं लग्न झालं. त्यानं ते निपाणीतून मोबाइलवर बघितलं. पुढं आदेश रद्द झाला, मावशी पेढे घेऊन आल्या. मला तो पेढा काही गोड लागला नाही.

त्या पोराच्या चांगल्या-वाईटाबद्दल कोर्टानं काही ठरवलं नाही. पक्षकाराला हेच समजावणं सर्वांत अवघड. रिटमध्ये कोर्ट बघतं ते निर्णय कसा झाला एवढं : नोटीस दिली का, म्हणणं ऐकलं का, अधिकार होता का, कारणं लिहिली का. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही महाराष्ट्रातल्याच एका तडीपारीत सांगितलं, की पूर्ण दोन वर्षं हाकलायचं तर त्याचं कारण आदेशात दिसलं पाहिजे. पुष्कळदा प्रकरण फेरसुनावणीला त्याच साहेबांच्या टेबलावर परत जातं. "मग जिंकलो का हरलो, ताई?" असं विचारतात. म्हणून आता वकीलपत्रावर सही घेण्याआधीच मी हे सांगते. काही जण तिथूनच उठून जातात. जाऊ देत.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) इथं कोल्हापुरातच भाऊसिंगजी रोडला, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात बसतंय. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षं लावून धरलेली मागणी. धंद्याचं म्हणाल तर स्पर्धा वाढली, आमच्याच गल्लीत नवे बोर्ड लागले. पण सोलापूरचा माणूस आता सकाळी एसटीनं येतो, आपलं मॅटर स्वतः मागच्या बाकावर बसून ऐकतो आणि संध्याकाळी घरी जातो. पूर्वी त्याला फक्त माझा फोन यायचा.

मुंबईची बॅग माळ्यावर गेली. भाषांतराची पानं मात्र फायलिंगच्या आदल्या रात्री अजून मीच मोजते, ज्युनिअर कितीही वैतागले तरी.