काकांचा न्यूट्रल

"गाडी पेट्रोल पितेय रे, इंजिन उघडून बघ," म्हणतच काका परळच्या आमच्या गॅरेजात शिरले. पेट्रोल हॅचबॅक, लिटरला जेमतेम ११. तेही अंदाजपंचे नाही, टाकी फुल-टू-फुल भरून डायरीत मांडलेलं. प्लग बघितले, एअर फिल्टर बघितला, चाकं फिरवून ब्रेक कुठे धरतोय का तेही पाहिलं. सगळं ठीक. फक्त टायरमध्ये हवा कमी होती, ती भरली. मग म्हटलं, "काका, तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो." स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, म्हणजे इंजिनात काय चाललंय त्याचे आकडे स्क्रीनवर.

लालबागच्या उड्डाणपुलावरून राणीच्या बागेकडे उतार लागला आणि काकांनी शिताफीने गाडी न्यूट्रलला टाकली. "बघ, फुकटात चाललीय!" स्क्रीनवर मात्र इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा नळ, दर वेळी दोन-अडीच मिलिसेकंद उघडत होता. न्यूट्रलला इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंच. परतीला तोच पूल, हिंदमाताकडचा उतार. "आता चौथ्यातच राहू द्या, ॲक्सिलरेटर सोडा." आकडा सरळ शून्यावर. चाकंच इंजिन फिरवतायत म्हटल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल तोडतो, आरपीएम (इंजिनाचे फेरे) खाली यायला लागला की परत सोडतो. शिवाय उतारावर न्यूट्रल म्हणजे सगळा भार ब्रेकवर, हे वेगळंच.

काका गप्प. मग म्हणाले, "अरे, पण मी पद्मिनीवर शिकलो." त्यांचंही खोटं नाही. पद्मिनीत इंजेक्टरऐवजी कार्ब्युरेटर, त्याला असं पूर्ण बंद होणं ठाऊकच नव्हतं, तिथे न्यूट्रलने थोडंफार वाचायचं.

पण खरं सांगायचं तर ११ चं कारण न्यूट्रल नव्हतंच. त्यात थेंबांचा हिशोब. पुढे लाल सिग्नल दिसतोय, तरी काका दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ताणायचे आणि मग कचकन ब्रेक. पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेक पॅडमध्ये घालवायचा! हिंदमाताला तुंबलेल्या गाड्यांत एसी लावून इंजिन चालू. असं उभं राहिलं की लहान गाडीही तासाला अर्धा ते एक लिटर खाते. "सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढा, गिअर काढू नका," एवढंच सांगितलं.

महिन्याभराने डायरी घेऊन आले. १४ च्या वर. "इंजिन न उघडता पैसे कसले घेतलेस?" असं वर विचारलंच.