सोफ्यामागची तसबिरींची भिंत: खिळा ठोकण्याआधीचं सगळं

सारख्या आकाराच्या आठ तसबिरी, चार-चारच्या दोन ओळी. ही जाळीची मांडणी दिसायला सगळ्यांत सोपी आणि लावायला सगळ्यांत अवघड. आकार सारखे असले की डोळा आपोआप मधल्या फटी एकमेकींशी ताडून बघतो. एक तसबीर तीन-चार मिलिमीटर खाली आली तरी दारातून आत येणाऱ्याला ते जाणवतं. लहान-मोठ्या तसबिरींच्या मांडणीत तेवढा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पहिल्यांदाच करत असाल तर जाळीच्या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जायचंच असेल तर पुढची मापं काटेकोर पाळा.

मांडणी कुठली करायची हे तुमच्याकडच्या चित्रांवरून ठरवा, इंटरनेटवर आवडलेल्या फोटोवरून नको. एकाच कॅमेऱ्यातले, एकाच सहलीतले फोटो जाळीत शोभतात. पिंगुळीची चित्रकथी शैलीतली चित्रं संचात घेतली असतील तर एका सरळ ओळीत लावा. ती मुळात एकामागून एक दाखवत गोष्ट सांगण्यासाठीच काढलेली असतात. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेली पत्त्यांची पानं, गोल आणि छोटी, काचेला टेकली तर रंग चिकटायची भीती, त्यामुळे तिला खोल पेटीसारखी फ्रेमच हवी. आणि घरात एक वारली, दोन लग्नाचे फोटो, मुलीने काढलेलं एक चित्र, आजोबांच्या हातचं एक पत्र असा मिश्र माल असेल तर मोकळी मांडणी करा. तिला सालोन पद्धत म्हणतात. पॅरिसला लूव्हरच्या सालोन कारे या दालनात १७२५ पासून प्रदर्शनं भरायची आणि तिथे चित्रं छतापर्यंत एकमेकांना खेटून लावलेली असायची, त्यावरून हे नाव पडलं. दर दोन महिन्यांनी चित्रं बदलायची हौस असेल तर मात्र खिळे नकोतच. चार इंच खोल आणि पुढे अर्धा इंच कठडा असलेली फळी लावा आणि तसबिरी नुसत्या टेकवून ठेवा.

गेलेल्या वडीलधाऱ्यांचे फोटो या मांडणीत मिसळू नयेत. भावनेचा भाग आहेच, पण हाराचाही आहे. चंदनाचा हार तसबिरीच्या बाजूने दोन इंच आणि खाली चार-पाच इंच येतो आणि शेजारची चौकट झाकतो. त्यांची वेगळी जागा, वेगळी ओळ करा.

आता मापं. नेहमीचं तीन जणांचं सोफ्याचं माप धरू: लांबी ८० इंच, पाठीची उंची ३३ इंच. मांडणीची एकूण रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश असावी. त्याहून कमी झाली तर तसबिरी भिंतीवर तरंगल्यासारख्या दिसतात. सोफ्याची पाठ आणि तसबिरींची खालची कड यांत ८ इंच सोडा. सहाच्या खाली गेलात तर मागे रेललेल्या पाहुण्याचं डोकं फ्रेमला लागतं आणि काचेवर तेलाचे डाग पडतात. दोन तसबिरींमध्ये २ इंच. संपूर्ण मांडणीचा मध्य फरशीपासून ५६-५७ इंचांवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला ती बरोबर भिडते. आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे तसबिरी फार वर लावणं. त्याला कारण आहे. वाड्यात आणि चाळीत तसबिरी छताजवळ लावत, पण त्या पुढे झुकलेल्या असत: खालची कड दोन खिळ्यांवर टेकवलेली आणि वरून दोरीने ताणलेली. खाली बसलेल्या माणसाला त्या नीट दिसत आणि समोरच्या खिडकीची चकाकीही काचेवर येत नसे. आपण उंची तीच ठेवली आणि झुकाव सोडून दिला. तुमच्या घरी भारतीय बैठक असेल तर मांडणीचा मध्य ४५ ते ४८ इंचांवर आणा.

जाळीचं गणित असं. फोटो ८ बाय १०, भोवती दीड इंचाचं माउंट (जाड पुठ्ठ्याची कापलेली चौकट), फ्रेमची पट्टी पाऊण इंचाची. पट्टीच्या खाचेत पाव इंच माउंट जातं, त्यामुळे बाहेरचं माप १२ बाय १४. उभ्या आठ तसबिरी म्हणजे रुंदी चार बारं अठ्ठेचाळीस अधिक तीन फटींचे सहा, एकूण ५४ इंच. उंची १४ अधिक २ अधिक १४, म्हणजे ३०. खालची कड ४१ इंचांवर, वरची ७१ वर, मध्य ५६ वर. सोफ्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ७ आणि २१ इंचांवर एकेका तसबिरीचा मध्य येतो. मागची कडी फ्रेमच्या वरच्या कडेपासून २ इंच खाली असेल तर स्क्रू ६९ आणि ५३ इंचांवर. फक्त हे २ इंच प्रत्येक तसबिरीचे पाठीमागे मोजपट्टी लावून मोजा. फ्रेमवाल्याकडे कड्या अंदाजाने ठोकतात आणि आठांत दोन तरी वरखाली निघतात. जाळीसाठी फ्रेमवाल्याला सांगा: मागे तार नको, दोन कड्या हव्यात. तार प्रत्येकीची कमी-जास्त ताणली जाते आणि एका खिळ्यावरची तसबीर पंख्याच्या वाऱ्याने, दार आपटल्याने तिरकी होत राहते.

मोकळ्या मांडणीला एवढा जाच नाही. सात तसबिरींचा संच चांगला जमतो: एक १६ बाय २०, दोन १२ बाय १६, चार ८ बाय १०. ५७ इंचांवर एक आडवी रेघ मनात धरा. रेघेच्या वरच्या तसबिरींच्या खालच्या कडा तिच्यापासून एक इंच वर, खालच्यांच्या वरच्या कडा एक इंच खाली. फक्त सगळ्यांत मोठी तसबीर ही रेघ ओलांडते आणि ती बरोबर मधोमध न ठेवता थोडी डावीकडे ठेवा. बाहेरची कड कशीही वेडीवाकडी चालते, आतल्या फटी मात्र सारख्या हव्यात. जमिनीवर चादर पसरून तीवर मांडून बघा, स्टुलावर उभं राहून वरून फोटो काढा. फोटोत गर्दी कुठे झालीय ते लगेच कळतं.

फोटो छापताना एक अडचण हमखास येते. कॅमेऱ्याचा फोटो २:३ प्रमाणाचा असतो, ८ बाय १० च्या कागदावर त्याची लांबीकडून दोन इंच काट होते आणि कडेला उभा असलेला मामा अर्धा जातो. त्यासाठी ८ बाय १२ छापा किंवा काट स्वतः ठरवून द्या. फोनचा ३:४ फोटो ८ बाय १० मध्ये जवळपास पूर्ण बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या दर्जात आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल असते, ८ बाय १० ला स्वच्छ छपाईसाठी ३००० लागतात. मूळ फाइल मागवा.

भिंत कशाची आहे हे खिळ्याआधी कळायला हवं आणि ते ड्रिलच्या पुडीवरून कळतं. सोफ्यामागे लपेल अशा जागी एक बारीक भोक पाडा, खाली दुमडलेला कागद चिकटवून पुडी त्यात पडू द्या. पहिला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पांढरी पुट्टी आणि करडा गिलावा. त्यानंतर पुडी लाल झाली तर वीट, काम सोपं: ६ मिलिमीटरचं बिट, तेवढीच गट्टी (भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी), ३५ मिलिमीटरचा स्क्रू. गट्टी गिलाव्यातच राहिली तर काही दिवसांत पापुद्र्यासकट बाहेर येते, म्हणून भोक ४० मिलिमीटर खोल करा. बिटवर त्या मापाला चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. बिट एकदम भसकन आत गेलं तर विटांचा सांधा लागला. एक इंच सरका. पुडी पांढुरकी, हलकी आणि बिट लोण्यात गेल्यासारखं जात असेल तर सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक आहे. त्यात ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर भोक मोठं होऊन गट्टी फिरत राहते, आणि गट्टी निदान ५० मिलिमीटरची घ्यायची. पुडी करडीच राहिली आणि बिट हट्टाने थांबलं तर काँक्रीट. मिव्हान पद्धतीने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून बांधलेल्या टॉवरमध्ये सगळ्याच भिंती अशा असतात. तिथे हॅमर ड्रिल आणि काँक्रीटचं बिटच लागतं, साधे खिळे वाकतात. मध्येच लोखंड लागलं तर जोर न करता जागा बदला.

स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडव्या रेषेत भोक पाडू नका. तारांचे पाइप बहुतेक तिथूनच गेलेले असतात. पलीकडे न्हाणीघर असेल तर ती भिंत सोडूनच द्या: पाण्याचे पाइपही आहेत आणि ओलही.

चिकटपट्ट्यांवर तसबिरी टांगायचा मोह होतो, भाड्याच्या घरात जास्तच. दोन मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला ५ किलो भरतं. १६ बाय २० च्या तसबिरीत नुसती काच एक किलो, मागचा बोर्ड आणि पट्टी धरून दोनच्या आसपास. चिकटपट्टी एवढं वजन पेलेलही, पण तिच्याखालची डिस्टेंपर आणि पुट्टी पेलत नाही. जुलैमध्ये रात्री आवाज होतो तो याच तसबिरींचा. चिकटवायचंच असेल तर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावलेल्या ८ बाय १० पर्यंतच थांबा.

भिंत ओळखली की कागद. वर्तमानपत्रातून प्रत्येक तसबिरीच्या मापाचा कागद कापा, त्यावर कड्यांच्या जागी ठिपके द्या आणि मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा. सेलोटेप नको, काढताना रंग घेऊन येते. उंची फरशीपासून प्रत्येक ठिकाणी वेगळी मोजू नका, फरशीला बहुधा थोडा उतार असतो. एकदाच मोजून पाणसळीने आडवी रेघ मारा, उभ्या रेषेसाठी ओळंबा सोडा आणि सगळी मापं या दोन रेघांपासून घ्या. वरची बीमही नेहमी पातळीत असेलच असं नाही; तसबिरी आणि बीम यांत फूटभर जागा सुटली तर तिचा तिरकेपणा डोळ्यांत येत नाही. कागद दोन दिवस राहू द्या, बसून, उभं राहून, रात्री दिवा लावून बघा. मग कागदावरूनच भोकं पाडा, मधल्या तसबिरींपासून सुरुवात करून बाहेर जा. चूक साठत गेली तरी ती दोन्ही कडांना वाटली जाते.

पाऊस सुरू झाला की तसबिरींचा खरा त्रास सुरू होतो, विशेषतः मुंबईत, कोकणात आणि गोव्यात. फोटो काचेला थेट टेकलेला असेल तर दमट हवेत त्याचा चकचकीत थर काचेला चिकटतो, आणि सोडवायला गेलं की चेहराच निघून येतो. माउंट शोभेसाठी असतं असं वाटतं, पण त्याने काच आणि फोटो यांत जी फट राहते तीच फोटो वाचवते. माउंट आम्लरहित मागा. साध्या बोर्डची तिरकी कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते. फोटो माउंटला फक्त वरच्या बाजूने दोन ठिकाणी चिकटवायला सांगा. चारही बाजूंनी चिकटवला तर दमट हवेत कागद फुगतो, त्याला पसरायला जागा मिळत नाही आणि मध्ये लाटा येतात. मागचा जोड तपकिरी कागदी टेपने बंद करून घ्या, म्हणजे कसर आत शिरत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा: भिंत आणि तसबीर यांत हवा खेळते, बुरशीचा चौकोन उमटत नाही आणि तसबीर सरकतही नाही.

पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर जुना मूळ फोटो कधीच लावू नका. आजीचा लग्नातला एकुलता एक फोटो असेल तर तो ६०० डीपीआयला स्कॅन करा, छापील प्रत भिंतीवर, मूळ आम्लरहित कागदात गुंडाळून कपाटात. काच पुसताना पाणी किंवा कॉलिन कापडावर घ्या, काचेवर फवारू नका. ते ओघळून पट्टीच्या खाचेत जातं आणि खालून माउंट भिजवतं. खालच्या कडेला दिसणारा तो पिवळा अर्धगोल डाग बहुतेक वेळा पावसाचा नसतो, पुसण्याचा असतो.