माझा अनुभव: डेक्सामेथासोनसह ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची रचना

शोधनिबंधांत पद्धतीच्या भागात एक ओळ हमखास असते: 'प्रथिन डेक्सामेथासोनच्या उपस्थितीत शुद्ध केलं.' प्रथिन म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, डेक्सामेथासोन म्हणजे त्यात बसणारं स्टेरॉइड औषध, आणि दोघांची एकत्रित रचना स्फटिकातून काढायची असते. या ओळीवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. उपस्थितीत म्हणजे किती, कधीपासून, कुठपर्यंत? सगळं काम त्यावरच अडतं.

रिसेप्टरचा संप्रेरक धरणारा भाग, म्हणजे एकूण ७७७ अमिनो आम्लांपैकी साधारण ५२१ पासून शेवटपर्यंतचा तुकडा, रिकामा असला की घडी टिकवत नाही. आपल्या पेशीत त्याला एचएसपी९० हे घडी सांभाळणारं प्रथिन आणि त्याची साथीदार प्रथिनं सावरून धरतात. प्रथिन बनवायला वापरतो त्या ई. कोलाय जीवाणूत ती सोय पुरत नाही. औषध बसतं त्या खिशाच्या आतली पाणी टाळणारी बाजू उघडी पडली की रेणू एकमेकांना चिकटतात आणि सगळं प्रथिन गाळात जातं. अमिनो आम्लांच्या मूळ क्रमावर वेळ घालवू नका. ६०२व्या जागेवरचं फेनिलअ‍ॅलनिन बदलून सेरीन करा. २००२ साली आलेली डेक्सामेथासोनसहची रचना (पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहात १एम२झेड, बारकावा २.५ अँगस्ट्रॉम) याच बदलावर उभी आहे.

आता औषध. ते शुद्ध झालेल्या प्रथिनात शेवटी मिसळून चालत नाही, कारण तोवर मिसळायला प्रथिनच उरत नाही. कल्चर ३७ अंशांवर वाढवा, ओडी (जीवाणूंच्या दाटपणाचं माप) ०.६ ते ०.८ झाली की १६ अंशांवर आणा, फ्लास्क खरोखर थंड होऊ द्या, मग ०.१ मिलिमोलर आयपीटीजी (प्रथिन बनवणं सुरू करणारं रसायन) आणि त्याच वेळी १०० मायक्रोमोलर डेक्सामेथासोन. लिटरला ३९ मिलिग्रॅम. डीएमएसओ या द्रावकात ५० मिलिमोलरचा स्टॉक केला (मिलिलिटरला १९.६ मिलिग्रॅम) तर लिटरला २ मिलिलिटर पुरतात. स्टॉक थेंबथेंब, फ्लास्क हलवत घाला. पाण्यात हे औषध जेमतेम ०.२ मिलिमोलर विरघळतं. एकदम ओतलं की पांढरी भुकटी खाली बसते आणि आपण घातल्याच्या समाधानात राहतो. रात्री लाइट गेली आणि शेकरचं तापमान चढलं, तर सकाळी पेलेट भरघोस दिसेल, पण त्यातलं प्रथिन बहुधा गाळातच असेल.

मेडिकलमधली अँप्युल वापरायचा सल्ला कोणीतरी देतंच. ऐकू नका. त्यात डेक्सामेथासोन सोडियम फॉस्फेट असतं. शरीरात तो फॉस्फेट तुटतो, तुमच्या बफरमध्ये तोडायला कोणी नसतं. आणि तो बसलेला असतो नेमका २१व्या कार्बनच्या हायड्रॉक्सिलवर, जो खिशात घट्ट बसायला हवा.

पेशी फोडण्याचं बफर: ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), १५० मिलिमोलर मीठ, १० टक्के ग्लिसरॉल, ५ मिलिमोलर डीटीटी (प्रथिनाला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं) आणि औषध. पुढच्या प्रत्येक बफरमध्येही औषध: कॉलम धुताना, कॉलमला चिकटण्यासाठी जोडलेली जीएसटीची शेपटी थ्रॉम्बिन विकराने कापताना, जेल फिल्ट्रेशनमध्ये (आकारानुसार वेगळं करताना), आणि विशेषतः डायलिसिसच्या बादलीत. पैसे वाचवायला लोक बादली सोडतात. बंधन नॅनोमोलर ताकदीचं आहे, मग काय बिघडतं? बिघडतं ते असं: सुटलेला थोडासा रेणू बादलीत पसरतो, रिकामं झालेलं प्रथिन उलगडून गोळा होतं आणि परत येत नाही. ही गळती थांबत नाही.

जेलवर पट्टी 'विरघळलेल्या' भागात दिसली म्हणून खूश होऊ नका. सुपरडेक्स २०० या जेल फिल्ट्रेशनच्या कॉलमवर शिखर व्हॉइड व्हॉल्यूमला, म्हणजे सगळ्यांत मोठे कण बाहेर पडतात तिथे, आलं तर ते विरघळलेले गठ्ठेच. जीएसटी कॉलमवरून सोडवायच्या बफरमध्ये ग्लुटाथायोन घातल्यावर पीएच पुन्हा ८ ला आणा. ते आम्लधर्मी आहे, आणि हे हटकून विसरलं जातं.

सांद्र करण्याआधी टीआयएफ२ या रिसेप्टरच्या मदतनीस प्रथिनाचा एलएक्सएक्सएलएल आकृतिबंधाचा (एल म्हणजे ल्युसीन, एक्स म्हणजे कुठलंही अमिनो आम्ल) पेप्टाइड थोडा जास्त प्रमाणात घाला. तो रिसेप्टरच्या शेवटाकडच्या बाराव्या हेलिक्सला जागेवर धरतो. मिफेप्रिस्टोन (रिसेप्टरला अडवणारं औषध) बसवायचं असेल तर मात्र हा पेप्टाइड उपयोगाचा नाही: त्याच्या ११व्या कार्बनवरचा डायमिथाइलअ‍ॅनिलिन गट त्या हेलिक्सलाच ढकलतो. तिथे एनसीओआर या रिसेप्टरचं काम दाबणाऱ्या प्रथिनाचा पेप्टाइड लागतो.

स्फटिक, डेटा, मॉलिक्युलर रिप्लेसमेंट (आधीच्या रचनेवरून नवी रचना सोडवणं) यांत सांगण्यासारखं काही नाही. नकाशात औषध बसवताना मात्र ओमिट मॅप, म्हणजे औषध वगळून काढलेला इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा, काढा. तिसऱ्या कार्बनचा कीटोन आर्जिनिन ६११ आणि ग्लुटामिन ५७० कडे, ११वा हायड्रॉक्सिल अ‍ॅस्पॅराजिन ५६४ कडे, १७वा ग्लुटामिन ६४२ कडे. २.५ अँगस्ट्रॉमला दोन ग्लुटामिन आणि अ‍ॅस्पॅराजिन या तिघांच्या अमाइडमधला ऑक्सिजन कुठला आणि नायट्रोजन कुठला हे नकाशा सांगत नाही. हायड्रोजन बंध जुळवून तुम्हालाच ठरवावं लागतं. १६व्या कार्बनचा मिथाइल अल्फा बाजूला आहे ना, हे निर्बंधांच्या (औषधाची भूमिती ठरवणाऱ्या) फाइलमध्ये बघा. तो बीटा झाला की तुम्ही बीटामेथासोन बसवलंत.

हो, एक राहिलं. फोडण्याच्या बफरमध्ये २ मोलर युरिया घालणार असाल तर त्याच दिवशी बनवा. शिळ्या युरियातलं सायनेट लायसिनवर चढतं.